कोठारातल्या मांजरांना शिस्त

५ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मळा माझ्या हातात.
सासरेबुवा वैरणीच्या माळ्यावरून शिडीसकट खाली आले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. डॉक्टर म्हणाले, निदान तीन महिने अंथरूण. बायको म्हणाली, आपण तिकडे राहायला जाऊ या. मी म्हणालो, जाऊ या काय, गेलंच पाहिजे. बाटल्यांच्या कारखान्यात उभा जन्म पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये काढला. भल्याभल्यांना सरळ केलं. गाई काय, मांजरं काय, शेवटी सगळा स्टाफच.
धारा बायको काढेल. तिला लहानपणापासून येतात. वैरण, शेणकाढणी, सासरेबुवांचं अंग पुसणं हेही तिच्याकडेच. मी एकूण देखरेख.

६ नोव्हेंबर, सकाळी
इन्स्पेक्शन. गोठा बरा आहे. कोठारात मात्र अंदाधुंदी. मांजरंच मांजरं. मोजायला गेलो तर जागा बदलतात. धारांच्या वेळी ओळीनं येऊन बसतात, बायको चेपलेल्या थाळीत दूध ओतते, ही मंडळी पितात, तोंड पुसतात आणि पोत्यांवर ताणून देतात. भर ड्यूटीवर!
सासरेबुवांकडे विषय काढला. ते म्हणाले, जावईबापू, ती मांजरं आहेत म्हणून कोठाराच्या आतल्या खोलीतलं बियाणं आहे.
हे बियाणं म्हणजे मक्याचं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून रुमालात बांधून मूठभर दाणे घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून दर हंगामाला चांगली कणसं बाजूला काढायची, वाळवायची, पोत्यात भरायची. बाजारात हा मका मिळत नाही म्हणे. सासूबाई गेल्या, पण हे चालूच. या विषयावर सासरेबुवा जरा हळवे होतात. मी विषय आवरता घेतला.

७ नोव्हेंबर
निर्णय. दूध बंद. ज्याचं पोट भरलंय तो उंदरामागे कशाला धावेल? इतकी साधी गोष्ट या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही, याचं नवल वाटतं.
बायको म्हणाली, अहो, मांजर भुकेपोटी शिकार करत नाही, ते त्याच्या अंगातच असतं. दूध शिकारीसाठी नसतं, त्यांनी इथेच राहावं म्हणून असतं.
तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. दूध बंद.

८ नोव्हेंबर
ओळीनं बसली. थाळी रिकामी. सगळ्यांत म्हातारी राखाडी मांजरी, तिला थोरली म्हणतात, तिनं थाळीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मीही पाहत राहिलो. अशा वेळी जो आधी नजर हटवतो तो हरतो, हे कारखान्यात शिकलो. डोळ्यांत वैरणीचं कुसळ गेल्यामुळे मला हटवावी लागली. हे हरणं धरत नाहीत.

१५ नोव्हेंबर
धोरणाचा परिणाम दिसू लागला. मांजरं सुटसुटीत झाली आहेत, बरगड्या स्पष्ट. खेळाडूंसारखी. दोन दिसत नाहीत. पलीकडच्या मळ्यात गेली असं बायको सांगते. म्हणजे कामचुकार आपणहून बाहेर पडले. एका दमडीची भरपाई न देता स्वेच्छानिवृत्ती! माझी स्वेच्छानिवृत्ती वेगळी होती. मला दोनदा विनंती करण्यात आली होती.

१७ नोव्हेंबर
बायकोला रंगेहाथ पकडलं. वाटीतून दूध घेऊन पोत्यांमागे. थाळी जप्त करून माळ्यावर टाकली. ती म्हणाली, तुम्ही माळ्यावर चढला होतात? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, शिडी मोडकीच आहे अजून, जपा. तिच्या बोलण्यात काळजी होती. की निराशा? काळजीच असणार.

२२ नोव्हेंबर
थोरली व्याली. आतल्या खोलीत, बियाण्याच्या पोत्यांमध्ये, सासरेबुवांच्या जुन्या कोटावर. चार पिल्लं. परवानगी वगैरे काही नाही.
सासरेबुवांना कोण आनंद! म्हणाले, पिल्लं असली की ती दुप्पट उंदीर मारते. मी म्हणालो, बघू. मनात म्हणालो, बाळंतपणाची रजा आणि दुप्पट काम? इतकी वर्षं मी काय गवत उपटत होतो?

२७ नोव्हेंबर
काम मार्गी लागलं. सकाळी बायको गोठ्यात असताना पिल्लं खोक्यात घातली, खाली गोणपाट अंथरलं, खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "गरजूंनी न्यावीत". कालव्यापलीकडच्या दूध संकलन केंद्राच्या मागे ठेवून आलो. वर्दळीची जागा. थोरली आता मोकळी, मनापासून कामाला लागेल. सायकलवरून येताना शीळ घातली. खूप वर्षांनी जमली.

२८ नोव्हेंबर
थोरली ओरडते आहे. पोत्यांमागे, वैरणीत, गाईंच्या पायांत, माझ्या सायकलीखाली. सारखं तेच.
बायकोनं विचारलं, पिल्लं कुठे? मी म्हणालो, चांगल्या ठिकाणी लावली. तिनं कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, अहो, डोळे नव्हते उघडले त्यांचे. आणि चपला न घालताच निघाली.
दुपारी खोकं घेऊन परत आली. रिकामं. एक बाजू फाटलेली, गोणपाट ओढून बाहेर काढलेलं.
मी म्हणालो, बघ, एका दिवसात चौघांचीही सोय झाली.
ती काहीच बोलली नाही. पटलं की माणसं गप्प बसतात.

३ डिसेंबर
थोरली खात नाही. आचळं सुजून दगडासारखी झालीत. बायको कोमट पाण्यात फडकं बुडवून शेकते, तेव्हा ती हात चावत नाही, नुसती पडून राहते. मला बघितलं की मात्र उठून जाते. हा सरळसरळ दबावतंत्राचा प्रकार आहे. मी दाद देणार नाही.

५ डिसेंबर
थोरली पलीकडच्या मळ्यात गेली. राजीनामा न देता. बाकीची एकेक करून आधीच पांगली होती. आता राहिली तीन. पिवळा, काळी आणि लंगड्या. लंगड्या म्हणजे सासरेबुवांचा लाडका बोका. पुढचा एक पाय लहानपणी कुठल्याशा यंत्रात सापडलेला. दिवसा कोठारात हिंडतो आणि मग जाऊन सासरेबुवांच्या पायाशी झोपतो. सासरेबुवा त्याला दिवसभराच्या बातम्या विचारतात. मी समोर बसलेलो असतो. मला विचारत नाहीत.

१० डिसेंबर
ट्रेनिंग प्रोग्रॅम. पिंजऱ्यात एक जिवंत उंदीर पकडला. चांगला धष्टपुष्ट. तिन्ही मांजरांना कोठारात घेतलं, दार लावलं, प्रस्तावना केली आणि पिंजऱ्याचं झाकण उघडलं.
उंदरानं सगळीकडे पाहिलं आणि माझ्या पॅंटमध्ये शिरला.
पुढचं सविस्तर लिहीत नाही. मांजरं बघत होती. एकानंही पाऊल उचललं नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी अशी एकाग्रता मी कारखान्यातही पाहिली नव्हती. मांडीच्या आतल्या बाजूला चावा. दवाखान्यात इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, इथे कसा काय चावला? बायकोनं उत्तर दिलं. नर्सला बाहेर जावं लागलं.
माझी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, शहरातून फोनवर चौकशी करत होती. भावोजी, फार दुखतंय का, एवढंच विचारलं आणि तिला जोराचा खोकला आला. बराच वेळ येत होता.

२० डिसेंबर
उंदीर थोडे वाढले आहेत. थोडे म्हणजे दिवसाढवळ्या तुळईवरून जातात, आणि मी ओरडलो तर थांबून बघतात. बियाण्याच्या एका पोत्याचा कोपरा कुरतडलेला आढळला. पोतं फिरवून भोक भिंतीकडे केलं.
सासरेबुवांनी विचारलं, बियाणं ठीक आहे ना? मी म्हणालो, एकदम. पोती भरलेली आहेत. हे खोटं नाही. पोती भरलेलीच दिसतात.

२ जानेवारी
आधुनिक उपाय. निळ्या गोळ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, मांजर असेल तर ह्या नका नेऊ, मांजरानं तो उंदीर खाल्ला तर त्यालाही बाधतं. मी म्हणालो, पाकिटावर उंदराचं चित्र आहे, मांजराचं नाही. त्यानं खांदे उडवून पाकीट पुढे केलं. दुकानदारांना वाचता येणारं गिऱ्हाईक आवडत नाही.
बायकोनं विचारलं, कोठारात काही टाकलंत का? मी म्हणालो, किड्यांसाठी थोडं औषध. ती म्हणाली, विष नाही ना? मी म्हणालो, माझ्यावर विश्वास आहे की नाही? ती म्हणाली, विष नाही ना? एखादं वाक्य पुन्हा पुन्हा बोलायची तिची सवय जुनीच आहे. मी नाही म्हणालो.

७ जानेवारी
विजय! इतक्या महिन्यांच्या धोरणाला फळ आलं. मांजरं शिकारीला लागली! लंगड्यानं आज माझ्यादेखत दोन उंदीर धरले आणि शेपटीसकट फस्त केले. उंदीर जरा सुस्त होते, भिंतीला टेकून बसले होते, पण पकडायला नजर लागतेच. दूध चालू असतं तर अख्खा उंदीर खाल्ला असता का त्यानं? नुसता मारून टाकला असता. भुकेची किंमत आज कळली.
धावत जाऊन सासरेबुवांना सांगितलं. त्या तीन पायांच्यानं? असं म्हणून ते मोठ्यानं हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाले, चुकलो जावईबापू, मला वाटलं होतं तुम्हाला मांजरातलं कळत नाही. बायकोनंही माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी तसं पाहिलं.
आज जेवण छान लागलं.

११ जानेवारी
पिवळा आणि काळी गैरहजर. माळ्यावरून वास येतो. वैरण ओली राहिली असावी.

१२ जानेवारी, सकाळी
लंगड्या कामावर नाही. सासरेबुवांच्या पायाशी पडून आहे. ते म्हणाले, ह्याचा श्वास बघा, हिरड्या बघा, पांढऱ्या पडल्यात, जनावरांच्या डॉक्टरणीला बोलवा. मी पाहिलं. मला तरी नेहमीचीच सुस्ती वाटली. परवाच्या कौतुकानं डोक्यात हवा गेली. एकदा शाबासकी दिली की दुसऱ्या दिवशी आजारपण येतं, हे मी इतक्या कामगारांत पाहिलं आहे की मला फसवणं अवघड आहे.
बायको बाजाराला गेली होती. मी त्याला उचलून कोठारात नेलं आणि बाहेरून कडी लावली. अंगावर ओरखडा नाही, काही नाही. अगदी हलका लागला. पंचा उचलल्यासारखा. सासरेबुवा पलंगावरून ओरडत होते. त्यांना वारा बाधू नये म्हणून खिडकी लावून घेतली.
बायको आल्यावर बोका कुठे म्हणाली. मी म्हणालो, कोठारात. तिथेच तर असतो. सासरेबुवा ओरडून ओरडून थकले होते. भिंतीकडे तोंड करून होते. झोपले असावेत.

१३ जानेवारी
सकाळी बायकोनं कोठाराची कडी काढली तेव्हा लंगड्या दाराशीच होता. चालत बाहेर आला. अंगण ओलांडायला त्याला फार वेळ लागला. मध्ये दोनदा बसला. बायको उचलायला गेली, पण तो पुढे सरकला, म्हणून ती त्याच्यामागून चालत राहिली. पलंगावर चढता येईना. सासरेबुवांनी मोडक्या खुब्यासकट वाकून त्याला वर घेतलं. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलेली आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.
चादरीवर नाकातून रक्त. चहा येईपर्यंत गेला.
डॉक्टरीण आली. म्हणाली, उंदराच्या विषानं. विष खाल्लेला उंदीर पोटात गेला की असंच होतं. काल सकाळी बोलावलं असतं तर इंजेक्शननं वाचला असता. मग तिनं विचारलं, विष कुणी ठेवलं होतं?
सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, या टप्प्यावर कुणा एकाकडे बोट दाखवणं घाईचं ठरेल.
बायको उठून कोठारात गेली. मोडक्या शिडीनं माळ्यावर चढली. खाली आली तेव्हा एका हातात पिवळा आणि काळी होती, शेपट्या धरून, लाकडासारखी झालेली. दुसऱ्या मुठीत निळ्या गोळ्या. मूठ तिनं माझ्यासमोर उघडली. तुम्ही नाही म्हणाला होतात, म्हणाली.
मी म्हणालो, मी मांजरांसाठी नाही म्हणालो होतो.

१४ जानेवारी
सासरेबुवांनी बियाणं मागितलं. इथे आणून दाखव म्हणाले. बायकोनं एक पोतं ओढत आणलं आणि पलंगाशी ओतलं.
पोतं भरलेलंच होतं, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. दाणे जवळजवळ जागेवर. प्रत्येकाचं नुसतं टोक कुरतडलेलं, नखाएवढंही नाही. सासरेबुवांनी ओंजळ भरली, एकेक दाणा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, टोकातच कोंब असतो. उरलेलं नुसतं पीठ.
दुसरं पोतं तसंच. तिसरं तसंच. दुपारभर दोघं बापलेक जमिनीवर पसरलेल्या दाण्यांतून शाबूत दाणे वेचत होते. ते पलंगावरून बोट दाखवणार, ती उचलणार. मीही बसलो. मी वेचलेले तिनं परत तपासले आणि त्यातले बरेचसे टाकून दिले. शेवटी सगळं मिळून वाटीच्या बुडाला चिकटेल एवढंच निघालं, आणि त्यातलेही काही ओले होऊन काळे पडलेले.
सासरेबुवा म्हणाले, तिचं होतं गं ते.
मी म्हणालो, हल्ली संकरित बियाणं फार उत्तम मिळतं, उगवण खात्रीची.
बायको म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जा.
बाहेर गेलो. थोडी थंडी होती.

२० जानेवारी
मेहुणी आली. बहिणींची चर्चा स्वयंपाकघरात. मी ओसरीवर मुद्दे तयार करून बसलो. अडीच महिन्यांतले अनुभव, पुढची दिशा. कुणी बोलावलं नाही. शेवटी मेहुणी बाहेर आली आणि म्हणाली, भावोजी, कोठाराची किल्ली द्या. मी म्हणालो, काही मुद्दे मांडायचे होते. ती म्हणाली, किल्ली.
दिली. कामाची वाटणी व्हायलाच हवी होती. एका माणसावर किती भार टाकायचा?

८ फेब्रुवारी
बायको रोज धारांच्या वेळी थाळीत दूध ओतते. कुणी येत नाही. ती दाराशी उभी राहून हाका मारते. मग दूध गाईंच्या पेंडीत ओतून टाकते. मी म्हणालो, वाया कशाला घालवतेस? तिनं ऐकलं नसावं. हल्ली तिला कमी ऐकू येतं, म्हणजे माझं.

२३ फेब्रुवारी
थोरली परत आली. बांधावर बसून बराच वेळ बघत होती. बायको थाळी ठेवून लांब जाऊन बसली, तेव्हा आली. पोट जड आहे. बायको गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. मांजरीच्या परतण्यात रडण्यासारखं काय आहे, हे विचारणार होतो. नाही विचारलं. माझ्यात समजूतदारपणा आहे, तो कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

१२ मार्च
थोरलीला पिल्लं झाली. कोठारात गेलीच नाही. ओसरीवर, सासरेबुवांच्या खुर्चीमागच्या टोपलीत. सासरेबुवा आता वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. टोपलीशी काहीतरी पुटपुटतात. तब्येतीत सुधारणा. माझ्या काळात पाया घातला गेला होता.

१५ मार्च, दुपारी
सकाळी पेपर घेऊन ओसरीवर बसलो. टोपलीपासून पुष्कळ लांब. थोरलीनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि एक पिल्लू तोंडात धरून मागच्या दारानं निघून गेली. परत आली. दुसरं. तिसरं पायरीवर तिच्या तोंडातून निसटलं, म्हणून मी मदतीला उठलो. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, हलू नका. आवाज चढवला नव्हता, पण मी अर्धवट उठलेला तसाच थांबलो. कंबर भरून आली. तिनं ते उचललं आणि शेवटचं न्यायला पुन्हा आली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती.
मांजरांना जागा बदलायची सवयच असते.
जेवणानंतर बायको म्हणाली, तुम्ही तूर्त शहरातल्या फ्लॅटवर जाऊन राहा. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, पिल्लं मोठी होऊ देत. मी विचारलं, मांजराचं पिल्लू किती महिन्यांचं झालं की मोठं धरतात? तिनं बादली उचलली आणि धारा काढायला गेली. धारांना अजून तासभर अवकाश होता.
बस साडेचारची. बॅग तिनं आधीच भरून दाराशी ठेवली आहे. उघडून पाहिली. उन्हाळ्याचे कपडे आहेत, स्वेटर आहेत, छत्रीही आहे. ही नेहमी सगळा विचार करून भरते.